‘काही चांगलं सांग ना वाचायला!’

ग्रंथालयाच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहिले की हा प्रश्न हटकून कानावर येतो. विचारणारा बहुधा आपल्यासारखाच असतो. हातातले पुस्तक परत करायचे असते, दुसरे कोणते मागावे ते सुचत नसते, आणि खिडकीपलीकडचे काका ‘लवकर नाव सांगा, मागे लाइन आहे’ म्हणून घाई करीत असतात. अशा वेळी पुढचा विद्यार्थी तोंडाला येईल ते नाव सांगतो. ते नाव दहातल्या आठ वेळा ‘मृत्युंजय’ असते. उरलेल्या दोन वेळा ‘ययाति’.

या दोन्ही कादंबऱ्यांविषयी मला अनादर मुळीच नाही. मीही त्या वाचल्या आहेत आणि कर्णासाठी रात्री उशी भिजवली आहे. परंतु ‘ययाति’ १९५९ साली आली आणि ‘मृत्युंजय’ १९६७ साली. त्यानंतर मराठीत कुणी काही लिहिलेच नाही काय? आपल्या आजीने जे वाचले, आईने जे वाचले, तेच आपण वाचायचे आणि वर म्हणायचे की मराठीत हल्ली काही दम राहिला नाही, हा कुठला न्याय? म्हणून गेली तीन वर्षे ज्या ज्या मित्राने मला हा प्रश्न विचारला, त्या सर्वांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे, असे ठरवून हा लेख लिहायला बसलो आहे. मी समीक्षक नाही. माझा अधिकार एवढाच, की माझ्या ग्रंथालय कार्डाची पाठपोट भरलेली तिसरी पुरवणी सध्या चालू आहे. (त्याच कार्डावर एका पुस्तकाचा दंडही चढतो आहे, त्याची हकीकत पुढे येईल.)

सुरुवात रहस्यकथेपासून करतो. याचे कारण असे, की आमच्या एका सरांनी प्रथम वर्षाच्या वर्गात ‘रहस्यकथा म्हणजे वेळेचा अपव्यय’ असे वाक्य उच्चारले आणि मागच्या बाकावर बसून मी त्या वेळी नेमके तेच वाचत होतो. सरांचा मी आदर करतो, पण या बाबतीत त्यांच्याशी माझा मतभेद आहे. माझ्या घरात पुस्तके नव्हती. होती ती माझ्या मामाच्या माळ्यावर. पाने पिवळी पडलेली, काहींची मुखपृष्ठे गेलेली, दोरीने बांधलेली. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड मला तिथे भेटले. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतली भाषा एकसुरी आहे, योगायोग फार आहेत, हे आज मलाही दिसते. पण सातवीतल्या मुलाला पान उलटायला त्यांनी लावले. ज्याला पान उलटण्याची सवयच लागली नाही, तो पुढे नेमाडे वाचील की पठारे? शिडीच्या खालच्या पायरीला कुणी नावे ठेवू नयेत. वर पोचलेला माणूस तिच्यावरूनच चढलेला असतो.

अर्नाळकरांनंतर गुरुनाथ नाईक आले, त्यांच्याही रहस्यकथा हजारावर. मग सुहास शिरवळकर. त्यांचे अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद यांच्यासाठी एके काळी फिरत्या वाचनालयांत नंबर लावावे लागत, असे मामा सांगतो. आपल्या पिढीला शिरवळकर ठाऊक झाले ते २०१३ साली ‘दुनियादारी’ चित्रपट आला तेव्हा. मूळ कादंबरी १९८२ची. चित्रपट पाहून ज्यांनी कट्ट्यावरचे संवाद पाठ केले, त्यांनी कादंबरी अवश्य वाचावी. पडद्यावर जिथे टाळ्या पडतात, तिथे कागदावर एक प्रकारची हुरहूर आहे. लेखक २००३ सालीच गेले. आपल्या कट्ट्याला एवढी मुले पुन्हा जमलेली त्यांना दिसली नाहीत, याचे मला वाईट वाटते.

भीतीची आवड असेल तर नारायण धारप घ्या. २०१८ साली ‘तुंबाड’ चित्रपटाने देशभर नाव मिळवले; त्याचे बीज धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे, आणि नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा धारपांहून वेगळ्या. धारपांचे भूत बाहेरून येते, मतकरींचे माणसाच्या मनातच बसलेले असते. ‘खेकडा’ ही कथा वसतिगृहात दिवे गेल्यावर कुणी वाचू नये, एवढाच इशारा देतो. आजच्या लेखकांपैकी हृषीकेश गुप्ते यांनी ही वाट पुढे नेली आहे. त्यांची ‘दंशकाल’ भयकथा म्हणून हाती घ्यावी, तर ती हळूहळू एका घरातल्या दडवून ठेवलेल्या गोष्टींची कादंबरी होऊन बसते. ज्यांना रक्त आणि भूत दोन्ही नको, केवळ बुद्धीची करामत हवी, त्यांनी सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा वाचाव्यात. अशोक जैन यांनी त्या मराठीत आणल्या आहेत आणि अनुवाद वाचतो आहोत हे विसरायला होते. आणि ज्यांना विज्ञानाची गोडी आहे त्यांनी जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानकथा वाचू नये, असा काही विद्यापीठाचा नियम नाही.

आता कादंबरीकडे वळतो. इथे मी मोजकीच नावे देणार आहे. यादी लांबली की कुणीच काही वाचत नाही, हा अनुभव आहे.

पहिली, कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. हिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे एक गाव उठते. माणसे दुसरीकडे जाऊन वसतात, पण एक म्हैस मागे राहते आणि देवाप्पा तिला शोधायला पुन्हा त्या उजाड रानात जातो. एवढेच कथानक. पहिली वीस पाने मला कठीण गेली. भाषा पन्हाळ्याकडची, आणि आपल्याला छापील मराठीची सवय. मग मी ती मोठ्याने वाचू लागलो आणि सगळे सोपे झाले. ज्यांच्या गावाशेजारी धरण आहे, आणि आपल्या महाविद्यालयात असे पुष्कळ आहेत, त्यांनी तर ही वाचलीच पाहिजे. पाण्याखाली घर गेले की नुकसानभरपाई मिळते किंवा मिळत नाही, एवढेच आपण ऐकतो. त्या घराबरोबर आणखी काय बुडते, ते या म्हशीच्या शोधात कळते.

दुसरी, नंदा खरे यांची ‘उद्या’. खरे पेशाने स्थापत्य अभियंता होते; २०२२ साली ते गेले. ‘उद्या’ला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो विनयपूर्वक नाकारला. समाजाने आपल्याला भरपूर दिले आहे, आणखी घेणे बरे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. कादंबरी पुढच्या काळाची आहे. माणसाच्या प्रत्येक हालचालीवर कुणाची तरी नजर आहे अशा समाजाची. २०१४ साली आलेली ही कादंबरी आज खिशात मोबाइल ठेवून वाचताना अंगावर काटा येतो. खऱ्यांचीच ‘अंताजीची बखर’ मात्र आधी वाचा, ती अधिक हसवते. पेशवाईतला एक सामान्य, थोडा लबाड माणूस बंगालपर्यंत जातो आणि मोठमोठ्या घटना खालून, पायांच्या बाजूने पाहतो. इतिहास म्हणजे केवळ भरजरी पोशाख आणि स्वगते, अशी ज्यांची समजूत झाली आहे, त्यांना हे औषध लागू पडेल.

तिसरी, रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’. २०१९ची. जाड आहे, हे आधीच सांगतो. उशाला घेतली तरी चालेल अशी. एका घराण्याची सात शतकांची गोष्ट. पठारे संगमनेरला पदार्थविज्ञान शिकवीत. ज्यांना ‘आमचे मूळ पुरुष अमुक तमुक’ असे अभिमानाने सांगायची सवय आहे, त्यांनी ही विशेष करून वाचावी. घराण्याच्या वहीत कोणती नावे लिहिली जातात आणि कोणती गाळली जातात, याचा विचार डोक्यातून जात नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत घ्या. परीक्षेच्या महिन्यात घेऊ नका, मी ती चूक केली.

चौथी अगदी बारीक, सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’. २००६ची. एकाच घरातले भाऊ आणि बहीण, आणि घरात राहायला आलेला एक तरुण. दोघांचेही मन त्याच्यातच गुंतते. हे पुस्तक मी ज्याला दिले त्याने ते वर्तमानपत्राचे कव्हर घालून वाचले. कव्हर घालायला माझी हरकत नाही. वाचले हे महत्त्वाचे. आपल्या वर्गातही कुणीतरी काही मनात दाबून बसलेला असेल, हे त्याला नंतर जाणवले, असे तो मला म्हणाला. एवढे काम मोठमोठी व्याख्याने करीत नाहीत.

आत्मचरित्रांकडे येताना मात्र मला थोडे जपून बोलले पाहिजे, कारण इथे माझ्या पुष्कळ मित्रांचा माझ्याशी वाद आहे. आमच्या वसतिगृहात सर्वांत जास्त फिरणारी पुस्तके दोन. विश्वास नांगरे पाटलांचे ‘मन में है विश्वास’ आणि राजेश पाटलांचे ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू’. दोन्ही प्रामाणिक आहेत, दोन्ही मी एका बैठकीत वाचली. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलाला पहाटे चारला उठवण्याची ताकद त्यांत आहे. तक्रार पुस्तकांविषयी नाही, फक्त तीच वाचण्याविषयी आहे. जो पोचला त्याची गोष्ट वाचून वाटते की पोचणे हाच गोष्टीचा शेवट असतो. मग जो पोचत नाही, त्याला आपली गोष्ट सांगण्यासारखी वाटतच नाही. आपल्यातले किती पोचणार आहेत? जागा किती आणि अर्ज किती, हे आपण सगळे जाणतो.

म्हणून या पुस्तकांच्या शेजारी दुसरी पुस्तके ठेवावीत, असे माझे म्हणणे आहे. मराठीइतकी श्रीमंत आत्मकथने फार थोड्या भाषांत असतील. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून येऊ लागली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने नवऱ्याच्या धर्मांतरापासून स्वतःच्या फजितीपर्यंत सारे असे सांगितले आहे, की दुःखाच्या पानावरही हसू येते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८चे. लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ १९८०चा, लक्ष्मण गायकवाडांचा ‘उचल्या’ १९८७चा. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४चे. आईचे नाव स्वतःच्या नावात लावणारा हा डॉक्टर २००७ साली अपघातात गेला. सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९०चे. प्रसिद्ध माणसाच्या घरात राहणाऱ्या बुद्धिमान बाईचा हिशेब. ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ २००३चे. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली भांडी. लेखिकेची आई ती विणीत असे. कोकण म्हणजे नारळी-पोफळी आणि सुट्टीतली सहल, एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांना डोक्यावर भारे घेऊन घाट उतरणाऱ्या बाया या पुस्तकात भेटतील. आणि ज्यांना शांत, समाधानी पुस्तक हवे, त्यांनी नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ घ्यावे. वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे. त्याला २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा मी ते दुसऱ्यांदा वाचले.

कुणी म्हणेल, दुसऱ्यांची दुःखे वाचून काय मिळते? याचे उत्तर मी तात्त्विक भाषेत देणार नाही. दंडाची हकीकत सांगतो.

गेल्या वर्षी माझ्या खोलीत माझा एक मित्र राहत असे. नाव सांगत नाही. बीड जिल्ह्यातला. त्याचे आईवडील दर वर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्याच भागात ऊसतोडीला येतात. नवराबायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. मुकादमाकडून उचल आधी घेतलेली असते आणि हंगामभर तोड करून ती फेडायची. आमचे वसतिगृह एका बाजूला, कोप्या दुसऱ्या बाजूला. मधे दीड तासाचा एसटीचा रस्ता. दोन वर्षे तो हे कुणाला बोलला नव्हता. ‘घरी शेती आहे’ म्हणायचा. त्याच्या उशाशी नांगरे पाटलांचे पुस्तक असायचे. भरतीच्या परीक्षेत तो थोडक्या गुणांनी राहिला, तेव्हा त्याने ते पुस्तक मला परत दिले आणि म्हणाला, “हे आपलं नव्हं.”

मी त्याला नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ दिली. माझ्या कार्डावर घेतली, कारण त्याच्या कार्डाचे पैसे भरायचे राहिले होते. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली ही गोष्ट. दुष्काळी मुलूख, मेंढरे, मजुरी, आणि या सगळ्यातून शिकायला धडपडणारा नाथा. २०१८चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. त्यानंतरही २०२०च्या टाळेबंदीत या लेखकावर शेतात मजुरीला जायची पाळी आली होती, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. पुरस्कार मिळाला म्हणून गोष्ट संपत नाही, हे मला त्या बातमीने शिकवले.

मित्राने पुस्तक दोन रात्रींत संपवले. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता मला म्हणाला, “आमच्या घरातलं असं कुणी छापतं व्हय?” आणि मग तिथेच नळापाशी उभा राहून त्याने दोन वर्षांत न सांगितलेले सगळे सांगितले. कोपीत पाचटावर केलेला अभ्यास, दर वर्षी अर्धे वर्ष बुडालेली शाळा, आजीकडे ठेवलेली बहीण. मी बादली भरून वाहते आहे हे विसरून ऐकत राहिलो.

इथे मला ही गोष्ट गोड करता आली असती. तसे झाले नाही. पुढच्या हंगामात त्याच्या वडिलांची कंबर धरली. कोयता मोडला. उचल तर घेतलेली होती. आई एकटी म्हणजे अर्धा कोयता. दुसरा अर्धा कुणीतरी भरायला हवा होता. तो तृतीय वर्षाला नाव घालून आठवडाभर बसला आणि मग गेला. जाताना ट्रंकेत ‘फेसाटी’ होती. मी म्हटले, “अरे, ती ग्रंथालयाची आहे.” तो म्हणाला, “माहीत हाये. देतो पाठवून.”

त्याने ती अजून पाठवलेली नाही. जानेवारीत त्याचा फोन आला. संध्याकाळी तोड संपली की तो ती आईला वाचून दाखवतो, शेजारच्या कोपीतल्या दोन बायाही येऊन बसतात. एका ठिकाणी त्याची आई म्हणाली म्हणे, “थांब, फुडचं मी सांगते.” आणि तिने खरोखरच पुढचे सांगितले, तिचे स्वतःचे. मी दंडाचा विषय काढला नाही.

ग्रंथालयाच्या नोंदवहीत ते पुस्तक ‘थकीत’ या रकान्यात आहे. नियमाप्रमाणे ते योग्यच आहे. दंड मी भरतो आहे आणि भरीन. पण माझ्या मते आपल्या ग्रंथालयातली सर्वांत जास्त वाचली जाणारी प्रत सध्या तीच आहे.

यावरून दोन मागण्या कराव्याशा वाटतात, त्या मी नम्रपणे मांडतो. पहिली ग्रंथालय समितीला. नव्या खरेदीत क्रमिक पुस्तके आणि गाइडे घ्या, पण दर वर्षी निदान पंचवीस कादंबऱ्या-आत्मकथने अशी घ्या, की जी गेल्या पंधरा-वीस वर्षांत आली आहेत. त्यांच्या कपाटावर ‘अवांतर’ अशी पाटी आहे, ती काढून टाका. माझ्या मित्राला जे नळापाशी बोलते करून गेले, ते अवांतर नव्हते. आणि ज्यांच्या कार्डाचे पैसे राहिले आहेत, त्यांच्यासाठी काही सोय करा; वाचायची गरज बहुधा त्यांनाच जास्त असते.

दुसरी मागणी तुम्हा मित्रांना. पुढच्या वेळी खिडकीपाशी काका घाई करू लागले की सवयीचे नाव सांगू नका. या लेखातले एखादे सांगा. आवडले नाही तर मला कॅन्टीनमध्ये गाठून भांडा, चहा माझ्याकडून. आवडले तर मात्र मला न सांगता तुमच्या खोलीतल्या त्या मुलाला द्या, जो ‘घरी शेती आहे’ एवढेच बोलून गप्प बसतो.

‘फेसाटी’ मात्र तूर्त मागू नका. ग्रंथालयात तिची एकच प्रत आहे आणि ती वाचनात आहे.

– तृतीय वर्ष, कला (मराठी विशेष)